यादवकाळातल्या पात्राने ‘फौज’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: देवगिरीच्या यादव राजा रामदेवरावाच्या काळावर कादंबरी लिहिताना पात्रांच्या तोंडी सरदार, फौज, किल्ला, हुकूम असे शब्द चालतील का? आणि त्याच लेखकाच्या दुसऱ्या, वेरूळच्या डोंगराआड कल्पिलेल्या अद्भुत राज्याच्या कथेत ‘जादू’ हा शब्द खटकेल का?

पहिल्याचं उत्तर: संवादांत नको, निवेदनात चालेल. निवेदक आजचा आहे, वाचकही आजचा आहे, त्यामुळे निवेदनातून ‘खूप’, ‘फक्त’, ‘सुरू’ वेचून काढायचा खटाटोप करू नये. पण रामदेवरावाचा प्रधान बोलायला लागला की शब्द पारखून घ्यायला हवा. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारी 1296 ची. एखाददुसरा फारसी-अरबी शब्द व्यापाऱ्यांबरोबर त्याआधीही आला असेल, पण दरबार, लष्कर आणि महसूल यांची भाषा बदलली ती यादवांचं राज्य गेल्यावर.

ठळक शब्द लेखकाच्या सहज लक्षात येतात. सरदारच्या जागी सामंत किंवा मंडळिक, फौजेच्या जागी दळ किंवा कटक, किल्ल्याच्या जागी गड किंवा दुर्ग, घोडेस्वाराच्या जागी राऊत, शिपायाच्या जागी पाईक. हुकमासाठी आज्ञा आहेच. वतन आणि इनाम हे दोन्ही अरबी, यादवांच्या ताम्रपटांत दिसतो तो अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव. घोटाळा होतो तो रोजच्या बारीक शब्दांत: नजर, आवाज, चेहरा, जखम, मदत, खबर, तयार, शिकार, मशाल, हजार, रस्ता. हे इतके आपले झालेत की परके वाटतच नाहीत. दार आपलं, दरवाजा फारसी. वाट आपली, रस्ता फारसी. पारध आपली, शिकार फारसी.

एक वाक्य घेऊन बघा. ‘सरदार घोड्यावरून उतरला, मशाल शिपायाच्या हातात दिली आणि जखमेकडे नजरही न टाकता दरवाजाकडे वळला.’ यात सहा शब्द पुढच्या काळातले आहेत. ते बदलायचे म्हणून पुष्कळ लेखक असं लिहितात: ‘सेनानायक अश्वावरून अवरोहण करता झाला, उल्का पदातीच्या हस्ती अर्पून, व्रणाकडे दृष्टिक्षेपही न करता महाद्वाराकडे वळला.’ हे फारसीपेक्षा वाईट. असं मराठी तेव्हाही कुणी बोलत नव्हतं. लीळाचरित्र उघडून बघा; त्याच शतकातलं ते गद्य किती उघडंबोडकं आणि बोलकं आहे! तेव्हा वाक्य असं करावं: ‘मंडळिक घोड्यावरून उतरला, दिवटी पाइकाच्या हातात दिली आणि घावाकडे न बघताच दाराकडे वळला.’ घोडा, हात, घाव, दार, बघणं, वळणं हे सगळं घरचं मराठी. फारसी काढली की तिथे संस्कृत भरावंच लागतं, ही समजूत मुळातून सोडायला हवी. आधी तद्भव (संस्कृतातून बदलत आलेले) आणि देशी शब्द शोधा, संस्कृत शेवटी.

असे शब्द मराठवाड्याच्या खेड्यांत अजून वापरात आहेत. धान्य साठवायचं पेव, घरातलं बळद, माळवद, उतरंड, गोणी. देवगिरीच्या वेढ्याची एक हकिकत फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने नोंदवली आहे: धान्य समजून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं. हा प्रसंग लिहिताना ‘गोणी’ बिनधास्त लिहा, शब्द संस्कृतातही आहे आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारातही आहे.

शब्दाच्या आधी वस्तू तपासा, कारण शब्द चुकला तर वाचक माफ करतो, वस्तू चुकली की पुस्तक मिटतो. आज दौलताबादला, म्हणजे जुन्या देवगिरीला, जाऊन जे दिसतं त्यातलं बरंचसं रामदेवरावाने पाहिलेलं नाही. चांदमिनार पंधराव्या शतकातला. तोफा नंतरच्या, चिनीमहालही नंतरचा. 1296 च्या वेढ्यात तोफ उडवली तर सगळं मुसळ केरात. ‘दौलताबाद’ हे नावसुद्धा महंमद तुघलकाने दिलेलं, 1327 च्या सुमारास. निजामशाहीच्या मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, शहर वसवलं ते 1610 चं, म्हणून यादवांचा जासूद ‘औरंगाबादच्या वाटेने’ येऊ शकत नाही (आणि जासूद तरी कशाला, तो ‘हेर’ असू द्या).

स्वयंपाकघरात तर आणखी सांभाळा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई, तंबाखू ही सगळी अमेरिकेकडची पिकं, पोर्तुगीज आल्यानंतरची. पात्राला झणझणीत खायचं असेल तर मिरे, पिंपळी, आलं वापरा आणि सोबत जोंधळ्याची भाकरी द्या. सीताफळाच्या नावात सीता आहे आणि बालाघाटाच्या डोंगरात ते दाट आहे, म्हणून पुष्कळ जण फसतात. त्याचंही मूळ अमेरिकेतलंच. वेळ सांगताना तास आणि मिनिटं टाळा. घटिका म्हणजे 24 मिनिटं, मुहूर्त दोन घटिकांचा, प्रहर तीन तासांचा, एवढं हाताशी असलं की काम भागतं.

जुन्या मराठीची रूपं किती घालावीत? फार थोडी. नोकराच्या तोंडी ‘जी जी’, कुठे ‘ऐसें’, कुठे ‘तेथ’. संपूर्ण संवाद ‘म्हणितलें’, ‘जालें’ अशा रूपांत लिहायला गेलात तर तिसऱ्या ओळीला विभक्ती चुकते आणि जाणकाराला ते लगेच कळतं. शंका आली की मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढा: शब्दापुढे मूळ भाषेची खूण दिलेली असते. तेराव्या शतकातला वापर बघायचा असेल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश आहे.

हाच नियम मलिक अंबरच्या किंवा शिवकाळाच्या कादंबरीला लावू नका. तिथे फौज, हुकूम, जहागीर हेच खरे शब्द. शिवाजी महाराजांना फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, यावरूनच कारभारात फारसी किती मुरली होती ते कळतं. त्या काळातला सामान्य बारगीर (सरकारी घोड्यावरचा स्वार) ‘आज्ञा’ म्हणायला लागला की तो नाटकातला वाटतो. देवगिरीच्या कथेतही खिलजीच्या माणसांच्या तोंडी फारसी शब्द हवेतच. गडावरचा पाईक ‘फौज’ हा शब्द पहिल्यांदा ऐकतो आणि त्याला तो कळत नाही, असा प्रसंग करता आला तर अवश्य करा.

आता अद्भुतकथा. तिथे सनावळीचं बंधन नाही, पण शब्दाचा वास राहतोच. ‘जादू’ फारसी, ‘परी’ फारसी, ‘सैतान’ अरबी, आणि अस्सल गावठी वाटणारा ‘खवीस’सुद्धा अरबीच. लेण्यांच्या, यक्षांच्या जगात ‘जादूगार’ आला की वाचक थेट अलिबाबाच्या गुहेत जातो. शिवाय ‘जादू’ हा एकच शब्द सगळीकडे वापरल्याने मराठीतले बारकावे वाया जातात. माया डोळ्यांना फसवते. मंत्र उच्चारात असतो, उच्चार चुकला की उलटतो. करणी कुणावर तरी, लपून केलेली. चेटकात वाईट हेतू गृहीत आहे. गारूड मुळात सापाच्या विषावरचा उतारा, पुढे मोहिनी. कथेत या शक्ती वेगवेगळ्या माणसांकडे वाटून द्या. नियम शब्दांतूनच तयार होतात. परीच्या जागी यक्षिणी ठेवा, नाहीतर विहिरीवरच्या सात आसरा, त्या जलदेवता, आहेतच, आणि त्या परीपेक्षा कितीतरी धाक बाळगून आहेत.