मिल्टनला तरी किती पैसे मिळाले होते?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझा कवितासंग्रह आला, 500 प्रतींचे पैसे मीच भरले, घरी आल्या 100, बाकीच्यांचं काय झालं ते प्रकाशक फोनवर धड सांगतच नाहीत. परवा सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) हा विषय निघाला तर एक काका म्हणाले, तिकडे युरोपात मिल्टन या इंग्रज कवीच्या काळापासून लेखकाला मान आणि पैसा दोन्ही होतं. खरंच होतं का हो?

उत्तर : ताई, मान होता, पैशाचं मात्र काकांना कुणीतरी चुकीचं सांगितलंय.

सतराव्या शतकात, म्हणजे मिल्टनच्या काळात, लंडनमध्ये पुस्तकाचा हक्क लेखकाचा नसायचाच. छापणाऱ्या-विकणाऱ्यांची स्टेशनर्स कंपनी होती, तिच्या रजिस्टरमध्ये ज्याने पुस्तक स्वतःच्या नावावर चढवलं, हक्क त्याचा. लेखकाने हस्तलिखित दिलं की एकरकमी काहीतरी, नाहीतर नुसत्या थोड्या प्रती हातात, संपला विषय. मग पुस्तक एखाद्या सरदाराला अर्पण करायचं आणि तो काही देईल म्हणून वाट बघत बसायचं. नाटकवाल्यांचं जरा बरं, शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या खेळाचं उत्पन्न खर्च वजा जाता नाटककाराला मिळायचं, आणि अ‍ॅफ्रा बेन ही बाई त्या काळात लिहून पोट भरत होती, मला तिचं फार कौतुक वाटतं.

आता मिल्टन. 1652 पर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली होती, 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याच्या दहा हजारांवर ओळी त्याने दुसऱ्यांना सांगून लिहून घेतल्या. 27 एप्रिल 1667 ला सॅम्युअल सिमन्स या छापखानेवाल्याशी करार केला, हातात 5 पौंड, पहिल्या आवृत्तीच्या 1300 प्रती खपल्या की आणखी 5, पुढच्या दोन आवृत्त्यांनाही तसंच. पुस्तकाची किंमत 3 शिलिंग (20 शिलिंगचा एक पौंड), म्हणजे 1300 प्रतींचे 195 पौंड झाले (कागद, छपाई, दुकानदार सगळं त्यातूनच, हे खरं) आणि त्यातले कवीला एकूण 10. 1674 मध्ये तो गेला, 1680 मध्ये त्याच्या बायकोने उरलेला सगळा हक्क 8 पौंडांना सोडून दिला. एवढ्या मोठ्या काव्याचे 18 पौंड! मला हे दर वेळी वाचताना त्रास होतो.

लेखकाचा स्वतःचा हक्क कायद्यात आला तो 1710 मध्ये, तोही आधी 14 वर्षांपुरता.

पण मिल्टनच्या त्याच करारात एक कलम आहे ते तुम्ही मुद्दाम बघा. मिल्टनने मागितलं की किती प्रती विकल्या हे सिमन्सने शपथेवर सांगायचं, नाही सांगितलं तर सगळी आवृत्ती खपली असं धरून पैसे द्यायचे. डोळ्यांनी एक प्रतही मोजता येत नव्हती त्या माणसाला, पण हिशोब मागायची सोय त्याने कागदावर करून ठेवली होती. तुमच्याकडे करार लेखी आहे का, असला तर विक्रीच्या हिशोबाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. नसला तरी फोन करणं सोडा आणि स्पीड पोस्टाने पत्र टाका, छापल्या किती, विकल्या किती, उरल्या कुठे असं सरळ विचारा आणि छापखान्याच्या बिलाची कॉपी मागा, त्यावर प्रतींचा आकडा असतो.