पळायला जातो, मग व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी पणजीचा, वय ५२, आठ वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. चार महिने मिरामारला पळतो आणि आठवड्यातून दोनदा आल्तिनोचा चढ दम लागेपर्यंत चढतो. जिमचा ट्रेनर म्हणतो एवढ्या व्यायामाने फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, वाढतात, हार्टला धोका, म्हणून रोज व्हिटॅमिन सी १००० आणि ई ४०० घ्या. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. ट्रेनरचं अर्धंच खरं आहे, जोरात पळलं की फ्री रॅडिकल्स वाढतात आणि शुगर असली की ते मुळातच जास्त असतात, पण व्यायामात थोडा वेळ जे वाढतात तेच स्नायूंना सांगतात की आता इन्सुलिनचं ऐका, आणि शरीर आपलं स्वतःचं संरक्षण वाढवायला लागतं. या गोळ्या तेच फ्री रॅडिकल्स दाबून टाकतात. २००९ मध्ये जर्मनीत शुगर नसलेल्या तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत नेमका हाच डोस दिला, तर व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागतं तो फायदा गोळ्या घेणाऱ्यांना मिळालाच नाही. सगळ्या अभ्यासांत असंच आलं असं नाही, पण हार्टचं म्हणाल तर होप नावाच्या चाचणीत हार्टचा आजार किंवा शुगर असलेल्या साडेनऊ हजार लोकांत व्हिटॅमिन ई ४०० ने अटॅक कमी झाले नाहीत, उलट २००५ मध्ये पुढचा हिशेब आला त्यात हार्ट फेल्युअर थोडं जास्तच दिसलं.

आवळा, पेरू, तांबडी भाजी खा की, बाजारात मिळतंय सगळं. कोकमाचं आगळही चालेल, साखर न घालता, फक्त त्यात मीठ असतं म्हणून बीपी असेल तर जपून.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. शुगरवाल्यांना हार्टचं दुखणं कधीकधी छातीत जाणवतच नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, जबडा किंवा खांदा भरून येतो आणि माणूस म्हणतो उकाडा आहे. म्हणून तो चढ सध्या बंद, आधी ईसीजी आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून ट्रेडमिल टेस्ट, तोपर्यंत मिरामारला साधं चालणं.

आणि ग्लिमेपिराइडवर असताना संध्याकाळी जोरात पळलात तर रात्री शुगर खाली येऊ शकते, तेव्हा पळायच्या आधी, नंतर आणि झोपताना ग्लुकोमीटरवर बघा. खिशात साखरेची पुडी ठेवा, बायकोला पण सांगून ठेवा कुठल्या खिशात आहे ते.