साय-फाय टेबलटॉप गेमसाठी (टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायचा खेळ) साधे नागरिक आणि मुख्य पात्रं रंगवायची आहेत (28 मिमी मापाच्या, रेझिनच्या मूर्ती). चंदेरी आणि निऑन रंग घेऊ का?

चंदेरी घेऊ नका. निऑन तर नकोच. एवढ्यावर थांबलो असतो, पण याच प्रश्नावरून माझं आणि आतेभावाचं चार वर्षं वाजतंय.

मी भुसावळचा. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो. पहिल्या बारा फिगरना मी भर दुपारी गच्चीवर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला. तो हवेतच वाळला आणि रवा भुरभुरावा तसा बसला. एका बाईचा चेहरा तर देवी येऊन गेल्यासारखा झाला. बाराच्या बारा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासल्या. तेव्हापासून प्रायमर सकाळी सहाच्या आत आणि सावलीत. रंग ओल्या पॅलेटवर घ्यायचा: डब्याचं झाकण, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर. फरशीच्या तुकड्यावर काढाल तर ब्रश धुऊन येईपर्यंत त्याचा पापड होतो.

ही बारा माणसं म्हणजे अंतराळ बंदरावरची गर्दी. मेकॅनिक, चहावाली, दोन हमाल, एक म्हातारा वगैरे. आम्ही जी मोहीम खेळतो तीत यांना गोळी लागली तर मारणाऱ्याचे गुण जातात. म्हणजे हातभर अंतरावरून सैनिक कोण आणि बापडा कोण ते कळलंच पाहिजे. सैनिक चकाकणाऱ्या चिलखतात असतात, म्हणून मी बाकीच्यांना विटके, धुऊन धुऊन गेलेले रंग दिले.

भाऊ पुण्याहून सुट्टीला आला. एक हमाल उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "हाई काय शे भो? तीन नंबर प्लॅटफॉर्म उचलून आणला का?" त्याच्या मते तीनशे वर्षांनी सगळे चंदेरी झग्यात, गोरेपान, निळ्या केसांचे फिरणार.

अरे, प्लॅटफॉर्मच आहे तो! यानातून पेट्या उतरवायला तीनशे वर्षांनीही कुणाची तरी पाठ लागेलच की. माझ्या हमालाला लाल शर्ट आणि दंडावर पितळी बिल्ला. लालाखाली तपकिरी थर. खांद्यावर उन्हाने उडालेला लाल हवा असेल तर त्यात नारिंगी आणि थोडा खाकी मिसळा. पांढरा घातलात तर गुलाबी शर्टातला नवरदेव तयार होतो. बिल्ल्याला पितळी रंगाचा ठिपका, त्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), वरच्या काठाला चंदेरीचं टिंब. हो, चंदेरी मीही वापरला. टाचणीच्या टोकाएवढा. मेकॅनिकला ट्रॅकमनचं नारिंगी जाकीट दिलं, गुडघ्यांवर ग्रीसचे डाग. म्हाताऱ्याचा झगा पांढरा आहे, पण सुरुवात राखाडी-खाकीने केली, शुभ्र पांढरा फक्त चुण्यांच्या टोकांवर.

कातडीचं म्हणाल, तर 'फ्लेश' लिहिलेली बाटली बहुतेक वेळा गुलाबी निघते. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) घ्या, सावलीला चिमूटभर निळा. उजेड दाखवायला ऑकरच वाढवा, पांढऱ्याने चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक शिकायला पुरतात, फक्त एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ द्या.

डोळ्यांवर वेळ घालवू नका. 28 मिमी म्हणजे साधारणपणे तळव्यापासून डोळ्यापर्यंत 28 मिमी, त्यात डोळा मोहरीपेक्षाही बारीक. पांढरा भरला की माणूस भूत पाहिल्यासारखा बघतो. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच देतात, आणि तिथे मूर्ती हातभर असते. खोबणीत गडद वॉश सोडा, झालं. मुख्य पात्रांना मात्र डोळे करा, आणि एकेकाला एकच ठसठशीत रंग द्या. माझ्या कप्तान बाईचं उपरणं हळदीचं पिवळं आहे, बाकी सगळी मळकी.

भावाने हट्टाने आपले नागरिक चंदेरी केले. मागच्या दिवाळीत त्याच्या टेबलावर खेळलो, तर सैनिक आणि नागरिक मिळून भांड्याच्या दुकानाची काच. त्याने स्वतःच्याच गावातल्या डॉक्टरवर गोळी झाडली. गुण त्याचे गेले.

आता खरं सांगायचं तर माझे विटके रंग पिवळ्या बल्बखाली मरतात. खोलीत उजेड कमी असेल तर सगळं एक पायरी उजळ ठेवा. आणि बाजारपेठेचा सेट असेल तर एखादी नटवी निऑन केसांची चालेल. एखादीच.

आणि भाऊ, वाचत असशील तर, माझे दोन्ही हमाल त्या दिवशी तुझ्या डब्यात गेलेत. येताना घेऊन ये.