नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टमाटरची फुलं का गळतात आणि झाड मे महिना कसं काढेल?

तुम्ही लिहिलंय की मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत टमाटरची सहा झाडं आहेत, रोपं फेब्रुवारीच्या शेवटी नर्सरीतून आणली, एप्रिलभर फुलं भरपूर येऊन राहिली पण देठापासून तुटून पडून राहिली, कशीबशी चार फळं धरली आणि त्यातल्या दोघांचं बूड काळं पडलं, दुपारी पानं गुंडाळतात, आणि नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडतंय. तर आधी एक करा, खताची पुडी आणली असेल तर ती बंद करून कपाटात ठेवा. तुमच्या झाडाला खत कमी नाहीये, त्याला आपली रात्र झेपत नाहीये.

आपण सगळे दुपारच्या पाऱ्याकडे बघतो, आज ४३ झालं, ४४ झालं. टमाटरचं फळ धरणं मात्र रात्रीवर जास्त अवलंबून असतं. रात्री १५ ते २० अंश असले की त्याला बरं वाटतं, २२-२४ च्या वर रात्र गेली आणि दिवस ३५ च्या वर गेला की फुलातले परागकण नीट तयारच होत नाहीत, मग फूल दिसायला पिवळंधमक असतं पण आतून वांझ, आणि झाड ते टाकून देतं. आता नागपूरचं बघा, मार्चमध्ये रात्र सरासरी विशीच्या आसपास असते, एप्रिलमध्ये चोविशीला जाते आणि मेमध्ये अठ्ठावीसच्या घरात. म्हणजे होळी झाली की फळ धरायची खिडकी बंद व्हायला लागते. आणखी एक गोष्ट, परागकण उन्हानं बिघडतात ते फूल उमलायच्या साधारण आठ-दहा दिवस आधी, कळी बारीक असतानाच. त्यामुळे आज गळलेलं फूल मागच्या आठवड्यातल्या उष्णतेनं गेलेलं असतं, आणि आज तुम्ही कितीही पाणी-खत दिलं तरी ते वाचणार नव्हतं. हे मला कळलं तेव्हा माझा जीव खरंच हलका झाला, कारण दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते की माझंच काहीतरी चुकतंय.

चुकलं माझंही होतं हो, पण वेगळं. मी प्रतापनगरला राहते, पहिल्या वर्षी मलाही एका दुकानातून असंच सांगितलं होतं, म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक कुंडीत चमचाभर युरिया टाकला. आठ दिवसांत झाडं अशी हिरवीगार झाली की शेजारच्या काकू बघायला आल्या. फूल एक टिकलं नाही, आणि त्या कोवळ्या लुसलुशीत पानांवर पांढरी माशी तुटून पडली, मे लागेपर्यंत चार झाडं बोकडून गेली, म्हणजे पानं चुरगळून वाढच थांबली. नत्र दिलं की झाड पानं वाढवतं, जास्त पानं म्हणजे जास्त पाणी उडतं, आणि मुळं तर कुंडीत तेवढीच. म्हणून एप्रिल-मे रासायनिक खत नाहीच, फार वाटलं तर महिन्यातून एकदा दोन मुठी चांगलं मुरलेलं गांडूळखत वरून, बस.

आता गच्चीचं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतो, रात्री अकराला अनवाणी जाऊन उभं राहून बघा, पाय सांगतील. म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यात रात्र २८ असेल तर तुमच्या कुंडीजवळ ती त्याहून गरमच असणार. माझ्या सासरी, हिंगण्याकडे, सांदवाडीत, म्हणजे परसात, विहिरीजवळ लावलेली झाडं माझ्या गच्चीवरच्यांपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त फळं धरतात, बी तेच, माती फक्त जमिनीची. त्यामुळे खाली जरा जरी मातीची जागा असेल, सोसायटीत कंपाउंडलगत वगैरे, पूर्वेकडची, तर पुढच्या वर्षी दोन झाडं तिथे लावून बघाच. गच्चीवरच ठेवायची असतील तर कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका, चार विटांवर फळी टाकून त्यावर ठेवा म्हणजे खालून हवा खेळते, सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून घोळक्यानं ठेवा, आणि संध्याकाळी सात-साडेसातला आजूबाजूच्या स्लॅबवर दोन बादल्या पाणी शिंपडा. आपली हवा मेमध्ये इतकी कोरडी असते की शिंपडलेलं पाणी बघता बघता उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, कूलर जसा चालतो तसंच.

कूलरवरून आठवलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप सापडलं. कूलर चालवताना समोरची खिडकी किंवा बाल्कनीचं दार आपण थोडं उघडं ठेवतोच, नाहीतर खोलीत दमट होतं. त्या उघड्या फटीतून जी हवा बाहेर जाते ती थंड आणि ओलसर असते. मी दोन कुंड्या त्या दारासमोर बाल्कनीत ठेवल्या, सकाळचं ऊन तिथे दहापर्यंत येतं, आणि रात्रभर कूलरची हवा. त्या दोन झाडांवर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातही फळ धरलं, गच्चीवर तेव्हा एकही नव्हतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, खसवर पांढरा थर बसतो ना तोच, आणि असं खारं पाणी कुंडीत गेलं की पानांच्या कडा जळतात.

काळी कुंडी असेल तर ती बदलायला सांगत नाही, आता या उन्हात रोप हलवलं तर मरेल, फक्त तिच्याभोवती चुंगडी, म्हणजे पोतं, गुंडाळा, तागाची, आणि सकाळी एकदा ओली करा. ऊन कुंडीच्या पश्चिमेच्या भिंतीवर पडतं तिथली मुळं अक्षरशः उकडतात, वरून झाड ठीक दिसतं आणि एके दिवशी अचानक बसतं. मातीवर दोन-तीन इंच कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरा, सोयाबीनचं मिळालं तर उत्तम, धानाची तनस चालते, वाळलेला पालापाचोळा पण चालतो, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. एवढ्यानं माती कितीतरी थंड राहते.

पाणी सकाळी सहा-साडेसहाला, भरपूर, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी बोट दोन इंच आत घालून बघा, कोरडं लागलं तरच परत. दुपारी पाणी घालायचा मोह होतो कारण पानं मान टाकतात, पण तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं, ते मुळावर गेलं की संपलं. मी रात्रीच दोन बादल्या भरून जिन्यात ठेवते, सकाळी तेच घालते. आणि गुंडाळलेली पानं बघून घाबरू नका, दुपारी झाड स्वतःच पानं वळवतं म्हणजे पाणी कमी उडेल, सूर्य उतरल्यावर ती उघडली तर झाड ठणठणीत आहे. संध्याकाळी सातलाही मान खाली असेल तर मग तहान आहे किंवा मुळाला काही झालंय.

बूड काळं पडतं त्यावर लोक अंड्याची टरफलं, खडू, चुना काय काय सांगतात. ते फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोचल्यामुळे होतं हे खरं, पण कॅल्शियम पाण्यासोबतच वर चढतं, आणि एक दिवस कुंडी कोरडीठाक, दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत जात नाही. टरफलं कुजायला महिने लागतात, या मोसमात काही उपयोग नाही. पाणी रोज सारखं मिळालं की पुढची फळं स्वच्छ येतात. ज्यांचं बूड काळं झालंय ती दोन तोडून टाका, ती सुधरत नाहीत, उगाच झाडाची ताकद खातात. तुम्हाला ऑफिसमुळे पाण्याची वेळ पाळता येत नसेल तर अक्षय तृतीयेला बाजारात माठ येतात तेव्हा लहान मडकी पण आणा, रंग न दिलेली, मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. ते पाझरत राहतं आणि मुळं त्याच्या अंगाला जाऊन बिलगतात. जुना घरातला माठ नको, त्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात, पाझरत नाही.

सावलीला ५० टक्क्यांची हिरवी नेट घ्या. झाडाच्या दोन-तीन फूट वर बांधा, अंगावर टाकू नका, आणि पश्चिमेकडून खाली लोंबती सोडा कारण मारणारं ऊन बाराच्या पुढचं असतं. सकाळचं दहापर्यंतचं ऊन मिळू द्या, पूर्ण सावलीत ठेवलं तर झाड लांबडं होतं. शेतकरी यासाठी टमाटरच्या कडेनं मका लावतात, पश्चिमेची झळ पण अडते आणि पांढरी माशी पण थोडी अडते. गच्चीवर मी दोन पिंपात दाट मका पेरून बघितला, वाऱ्याला चांगला आडोसा झाला, कणसांची अपेक्षा ठेवू नका.

किडीचं थोडक्यात. नवीन पानं बारीक, चुरगळलेली, कडा पिवळ्या आणि झाडाची वाढच थांबलेली, असं असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू आहे, त्याला औषध नाही, झाड पिशवीत घालून उपटून फेका, वाईट वाटतं पण बाकीची पाच वाचतील. पानाखाली बारीक जाळं आणि वरून ठिपके असतील तर लाल कोळी, त्याला सकाळी पानाच्या खालून पाण्याचा जोरात फवारा दोन-तीन दिवस लागोपाठ. निंबोळी तेल मारायचं तर सूर्य मावळल्यावरच, उन्हात मारलं तर पानं भाजतात.

फुलं हलवायची, टिचकी मारायची, असं व्हिडिओत दाखवतात. टमाटरच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात, त्याला फक्त हादरा लागतो, त्यामुळे मार्चमध्ये सकाळी आठच्या सुमारास टिचकी मारल्याचा खूप फायदा होतो. आता परागच जिवंत नसेल तर टिचकी मारून काय होणार. फूलगळ थांबवायची संप्रेरकं दुकानात मिळतात, त्यानं फूल टिकतं आणि फळही धरतं, पण प्रमाण जरा चुकलं की फळ वेडंवाकडं, आतून पोकळ येतं. घरच्या सहा झाडांसाठी मला ते पटत नाही.

तुमची जी दोन चांगली फळं आहेत ती झाडावर लाल व्हायची वाट बघू नका. पारा तिशीच्या वर असला की टमाटरचा लाल रंग नीट बनत नाही, पिवळट-नारिंगीच राहतं, वरून उन्हाचा पांढरा डाग पडतो. हिरव्यावर किंचित गुलाबी झाक आली की तोडा आणि घरात सगळ्यात थंड खोलीत, कूलरच्या खोलीत ठेवलं तरी चालेल, टोपलीत कागदावर ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे पिकणं थांबतं आणि चव जाते.

पुढच्या वर्षी तारखा आधी सरकवा, खरी गोष्ट तीच आहे. बी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, थंडीत उगवायला वेळ लागतो म्हणून ट्रे रात्री घरात. संक्रांतीपर्यंत रोप मोठ्या कुंडीत, निदान १५ इंची. फेब्रुवारीच्या मध्यात फुलं, आणि होळीला झाडावर गोट्यांएवढी फळं दिसली पाहिजेत, कारण एकदा धरलेलं फळ उन्हात तग धरतं, नवीन धरत नाही. फूल ते फळ साधारण दीड महिना, म्हणजे मार्चअखेरपासून घरचे टमाटर. बाजारात जून-जुलैत भाव चढतात त्यामागेही एक कारण हेच असतं, मेमध्ये शेतात फळ कमी धरतं ते दीड महिन्यानं दिसतं, २०२३ च्या जुलैत किलोला दीडशे-दोनशे दिले ते आठवत असेल. बियाण्यात पुसा सदाबहार गरम रात्रीतही फळ धरतो म्हणून ओळखला जातो, आणि बंगळुरूच्या फळबाग संशोधन संस्थेचा अर्का रक्षक बोकड्या विषाणूला, म्हणजे वर सांगितलेल्या पांढऱ्या माशीच्या विषाणूला, दाद देत नाही. मी अर्का रक्षक आणि चेरी टमाटर अर्धे-अर्धे लावते, चेरी शेवटपर्यंत थोडे थोडे देतच राहतो, सलादपुरते.

आणि आत्ताची तुमची झाडं उपटू नका हं. मेमध्ये नवीन फळाची आशा न ठेवता फक्त जगवा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, निघाला आणि जूनच्या मध्यात पहिला बरा पाऊस झाला, पारा खाली आला की ज्या झाडांचं खोड हिरवं आणि टणक आहे ती जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा, खालचे दोन-तीन फुटवे ठेवा, तेव्हा गांडूळखत द्या. जुलैत दिवस तिशीच्या आसपास येतो आणि ही झाडं परत फुलतात, मुळं तयार असल्यामुळे नवीन रोपापेक्षा लवकर. फक्त तेव्हा नेट काढा आणि कुटारही काढून टाका, नाहीतर पावसात खाली बुरशी धरते. तुमची गच्ची कोणत्या बाजूला मोकळी आहे आणि कुंड्या किती इंची आहेत ते सांगा, मग नेट नक्की कुठे बांधायची ते सांगते.