वेलस्लीची पत्रे आणि बैलांचा हिशोब

प्रश्न : १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धाआधी जनरल आर्थर वेलस्लीने शिंद्यांना लिहिलेल्या पत्रांत सलोख्याची भाषा दिसते. त्याच्या खासगी पत्रांवरून त्याचा खरा हेतू कळतो काय?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : बराचसा कळतो, मात्र त्यासाठी त्याच्या मतांपेक्षा फौजेच्या सामानासाठी त्याने केलेल्या मागण्यांकडे लक्ष द्यावे लागते. शिंद्यांच्या छावणीतील रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, कर्नल कॉलिन्स याला तो जपून, सरकारी थाटात लिहितो. कंपनीच्या नोकरीतला मित्र जॉन माल्कम याला लिहिताना मात्र हात सैल सोडतो. शिवाय थोरला भाऊ रिचर्ड हाच गव्हर्नर जनरल असल्यामुळे घरची गोष्ट कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते, हे ठरवणे अवघडच आहे.

३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुढच्या २० एप्रिलला वेलस्ली पुण्यात पोहोचला आणि मेच्या मध्यास दुसरे बाजीराव तेथे परतले. आता दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले हा तह मानतात की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

या काळातील पत्रे वाचू लागले की राजकारणाइतकेच बैल भेटतात. जूनच्या आरंभी पुण्याहून अहमदनगरच्या दिशेने निघालेल्या फौजेचे बैल पाऊस आणि वैरणीची टंचाई यांनी मरत होते, आणि हा सेनापती तांदूळ, पिण्याच्या दारूची पिंपे आणि ओझ्याची जनावरे यांविषयी ज्या बारकाईने लिहितो, ती बारकाई एखाद्या पेढीवरच्या मुनिमाला शोभावी. नदी उतरण्यासाठी टोपलीसारख्या विणलेल्या, कातड्याने मढवलेल्या गोल नावांची तजवीजही याच पत्रांतून चाललेली आढळते.

खरी मेख या नावांत आहे. आपल्याकडे फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, कारण तोवर नद्या उतरलेल्या असत. वेलस्लीने १८०० साली बंडखोर धोंड्या वाघाचा पाठलाग करताना तुंगभद्रेपासून मलप्रभेपर्यंतचा मुलूख पाहिला होता, आणि मराठी मुलखात लढायचे झाल्यास नद्या भरलेल्या असतानाच लढावे, म्हणजे घोडदळाला उतार मिळत नाही आणि नावा बाळगणारी फौज मात्र पार होते, असे टिपण त्याने १८०१ मध्येच लिहून ठेवले होते.

हे ध्यानात घेऊन जुलै १८०३ मधील वाटाघाटी पाहाव्यात. गव्हर्नर जनरलने २६ जूनला दिलेले युद्धाचे आणि तहाचे पूर्ण अधिकार जुलैच्या मध्याला त्याच्या हाती पडले. इंग्रजी फौजा आपापल्या मूळ ठिकाणी परतल्या तर आपण बऱ्हाणपूरकडे मागे जाऊ, असे शिंदे आणि भोसले यांचे म्हणणे होते. कागदावर ही बरोबरीची अट वाटते. पण वेलस्लीची फौज श्रीरंगपट्टणला गेली असती, तर शिंद्यांना बऱ्हाणपुराहून इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाच्या सरहद्दीवर येण्यास त्याच्या मानाने फारच थोडे दिवस लागले असते. हा त्याचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. माझे मत असे की त्याला युद्धाची हौस नसावी, पण पावसाळा हातचा घालवायचा नव्हता. सलोख्याची पत्रे खोटी नव्हती, त्यांची मुदत तेवढी नद्यांच्या पाण्यावर ठरलेली होती.

३ ऑगस्टला कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला. बरोबरीच्या नात्याने तह देऊ केला असता आपण युद्ध पत्करलेत, परिणामांची जबाबदारी आपली, अशा आशयाचे पत्र वेलस्लीने ६ तारखेला शिंद्यांना लिहिले. त्या वेळी त्याचा तळ आपल्या शहराच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, दक्षिणेला वाळकीस होता. गंमत अशी, की त्याच्या लाडक्या पावसाने तेथे त्यालाच अडवून धरले. उघडीप मिळाल्यावर ८ तारखेला त्याने अहमदनगरची पेठ घेतली.

ही पत्रे छापील स्वरूपात वाचताना एक खबरदारी घ्यावी. कर्नल गरवुडने १८३४ पासून त्यांचे खंड काढले, तेव्हा ज्यांच्याविषयी कडक शब्द होते त्यांची नावे अनेक ठिकाणी गाळून तेथे नुसती रेघ ओढली. वेलस्लीच्या मुलाने १८५८ पासून काढलेले पुरवणी खंड त्यासोबत चाळावेत. मूळ कागद आज इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात आहेत.