लघवीचं कल्चर होतं, मग या तापाचं का नाही?

प्रश्न : दिवाळीनंतर सासूबाई सड्यावर गवत कापायला जात होत्या. दहा-बारा दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, डोकं फुटेल असं दुखायला लागलं. मलेरिया नाही, डेंगी नाही, लेप्टोही नाही. डॉक्टरांनी 'स्क्रब टायफस' म्हणून गोळ्या चालू केल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. पण मी लॅबमध्ये कल्चर मागितलं तर उत्तर मिळालं, ''याचं कल्चर होत नाही.'' माझ्या भावाच्या लघवीचं कल्चर तिसऱ्या दिवशी हातात होतं. आम्ही गावातले म्हणून टोलवलं का? आणि टायफस म्हणजे टायफॉइडच ना?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : मी जन्मभर लॅबमध्येच काढला, तेव्हा जातभाईची बाजू घेतेय असं वाटेल, पण तो माणूस खरं बोलला. कल्चर म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं.

लघवीत सापडणारा ई. कोलाय कुठेही पंगतीला बसणारा. आगरच्या थाळीवर सोडला (आगर म्हणजे आपली माडापोफळीची नव्हेत, समुद्रशेवाळापासून केलेली जेली) की वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतो. स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, त्या थाळीकडे ढुंकून बघत नाही. तुमच्याकडे हापूसची कलमं असतील. त्यावरचं बांडगूळ काढून मातीत लावून बघा, जगतं का! तसाच हा. जिवंत पेशीच्या आत शिरला तरच वाढतो, आणि तोही रमतगमत.

म्हणजे त्याला वाढवायचं तर आधी पेशी पोसायच्या. ते काम मी मुंबईत नऊ वर्षं केलं. टायफसचे जंतू मी कधी हाताळले नाहीत, आमच्या पेशी दुसऱ्या कामाच्या. पण पेशी म्हणजे घरातलं तान्हं बाळ. सदतीस अंशांची ऊब, रातांब्याच्या पातळ सरबतासारखं गुलाबी द्रावण. ते पिवळट झालं की समजायचं, बाळ भुकेलंय. रविवार नाही, गणपती नाही. एका जुलैत मी दोन दिवस उशिरा गाडी पकडली आणि परत येऊन पाहते तर बाटल्यांत कापसासारखे पुंजके तरंगताहेत. बुरशी! पावसाळ्यात आपल्या चपलांना येते तशीच. तीन महिन्यांचं काम मोरीत. चूक माझीच होती, पण आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

टायफसच्या जंतूंसाठी याच्यावर आणखी कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते, कारण ते काम करणाऱ्यालाच धरतात. स्क्रब टायफसचा भाऊबंद म्हणजे उवांमुळे पसरणारा टायफस. त्याचा शोध घेताना रिकेट्स हे शास्त्रज्ञ 1910 मध्ये आणि प्रोवाझेक 1915 मध्ये त्याच तापाने गेले. त्या जंतूचं रिकेट्सिया प्रोवाझेकी हे नाव दोघांवरूनच पडलं. पेशी बाटलीत वाढवायची सोय नव्हती तेव्हा पोलिश शास्त्रज्ञ वाइगल यांनी हा जंतू चक्क उवांच्या आतड्यात वाढवला आणि लस केली. उवा जगवायला माणसं पायाला छोट्या पेट्या बांधून स्वतःचं रक्त पाजत. दुसऱ्या महायुद्धात बानाख हा मोठा गणितज्ञसुद्धा त्यांत होता. 1938 मध्ये कॉक्स यांनी कोंबडीच्या उबवत्या अंड्यात रिकेट्सिया वाढवून दाखवले, तेव्हा उवांना पर्याय मिळाला. आजही असं कल्चर संशोधनापुरतंच. एवढं करून उत्तर यायला कितीतरी आठवडे. तोवर सासूबाईंचं काय करायचं?

म्हणून रक्तात आयजीएम प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर आधी बनवतं ती प्रथिनं) शोधतात. पहिल्या आठवड्यात तीही पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे 'निगेटिव्ह' आलं म्हणून ताप निकालात निघत नाही. काही ठिकाणी अजून वाइल-फेलिक्स नावाची रक्ताची चाचणी करतात. ती 1916 ची युक्ती. प्रोटियस नावाचा भलताच जंतू वापरून अंदाज बांधायचा. स्वस्त, पण माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही.

माझ्या मते खरी तपासणी फुकटातली आहे, अंग नीट बघायची. गवतातल्या गोचीडवर्गातल्या बारीक किड्याची अळी चावते. ती एवढीशी, की दिसत नाही आणि चावल्याचं कळतही नाही. तिथे कधीकधी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, आणि असते कुठे? काखेत, जांघेत, स्तनाखाली, परकराच्या नाडीखाली. आपल्या बायका डॉक्टरांना जीभ दाखवतात, नाडीचा हात पुढे करतात. कंबर कोण दाखवणार? तुम्ही सुनेच्या नात्याने आंघोळीच्या वेळी पाहा, खुणा अजून असतील. मात्र खपली सगळ्यांनाच येते असं नाही.

टायफॉइड वेगळा. तो दूषित अन्नपाण्यातून येणारा साल्मोनेलाचा आजार, आणि त्याचं रक्तातून कल्चर होतं. टायफॉइड म्हणजे 'टायफससारखा'. जुन्या डॉक्टरांना दोन्ही ताप सारखेच दिसायचे, त्यातून हा नावांचा घोळ.

गोळ्या डॉक्सिसायक्लिनच्या असतील तर ताप गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून छातीत जळजळतं. सासूबाईंचं ताट-वाटी वेगळं करू नका, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. गवताला नेलेलं लुगडं मात्र घडी घालून ठेवलं असेल तर आजच कढत पाण्यात टाका.