पाच मिनिटांचं काम आणि जॅकवरची गाडी

गोव्यातल्या साखळी गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा दहावी झाला, आयटीआयला मोटार मेकॅनिक करायचं म्हणतो. तिच्या भावाचं गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्यात जॅक सरकला आणि भावाचा हात मोडला. "पाच मिनिटांचं काम म्हणून स्टँड लावला नव्हता. आता मुलाला त्यात घालायला मन होत नाही. हे म्हणतात, शिकायचंच तर मामाकडे शिकू दे, आयटीआयत दोन वर्षं कशाला घालवायची?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या "पाच मिनिटां"तच आहे. जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नव्हे. हायड्रॉलिक जॅकचं सील गळायला लागलं की गाडी हळूहळू खाली बसते. आपल्याकडच्या पावसात शेडबाहेरची लाल माती भिजली की जॅकचा पाय एका अंगाने रुततो, आणि मग हळूहळू वगैरे काही नाही. म्हणून कठीण जमीन, हँडब्रेक, बाकीच्या चाकांना ठोकळे, उचललेली गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड, गाडीला एक हिसका देऊन बघायचं आणि मगच खाली शिरायचं. जुने मिस्त्री काढलेलं चाकही आडवं करून गाडीखाली सरकवतात. समजा सगळंच फसलं, तर गाडी चाकावर टेकते. याला पैसा लागत नाही, सवय लागते.

ती सवय गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना लागत नाही, म्हणून मी आयटीआयच्या बाजूने आहे. मोटार व्हेईकल मेकॅनिकचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, 2 वर्षांचा, डिझेल मेकॅनिक 1 वर्षाचा. डिचोली आणि होंडा या गावांतल्या आयटीआय तुम्हाला जवळ. कुठे कोणता ट्रेड आहे ते माहितीपत्रकात बघून घ्या. पुढे अप्रेंटिसशिपमध्ये स्टायपेंडही मिळतो. सुट्टीत मामाकडे खुशाल जाऊ दे, मामाच्या हाताखालचं शिक्षणही पुस्तकात सापडत नाही. फक्त आधी तुम्ही स्वतः अर्धा तास तिथे बसा. झड आत येते म्हणून शटर ओढून आत इंजिन चालू ठेवतात का? त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. पोरं पेट्रोलने हात धुतात का? ब्रेकची धूळ कंप्रेसरने उडवतात का? जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असायचे.

मुलाच्या हातात जत्रेतलं कडं असेल तर ते कामावर नको. बॅटरी 12 व्होल्टची, शॉक लागत नाही, म्हणून पोरं बेफिकीर असतात. पण पाना प्लसवर आणि कडं गाडीच्या बॉडीला, म्हणजे मायनसलाच, टेकलं की ते क्षणात लालबुंद होतं आणि मनगटावरून काढताही येत नाही. म्हणून बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

तुमच्या भागात टिपरचं काम पुष्कळ, मुलगा तिकडे वळेलच. उचललेल्या हौद्याला टेकू दिल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही.

आणि इलेक्ट्रिक गाड्या. त्यांतल्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. त्याचं वेगळं शिक्षण होईपर्यंत मामाने सांगितलं तरी हात लावायचा नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.